क्योफ-2 : नऊ महिने चालवल्यावर

आधीच सांगतो, हे इंजिन माझं नाही. जर्मनीत नोकरीला आल्यावर सुट्टीच्या दिवशी एका लहानशा संग्रहालय-रेल्वेत स्वयंसेवक म्हणून जायला लागलो. तिथल्या यार्डातलं सगळं शंटिंग, म्हणजे डबे-वाघिणी इकडून तिकडे हलवण्याचं काम, एकाच लहान डिझेल रेल्वे-इंजिनावर चालतं, ते म्हणजे क्योफ-2. पहिले दोन महिने मी ग्रीस भरत आणि रुळांचे सांधे बदलत होतो. मग शिकाऊ म्हणून कॅबमध्ये घेतलं, नंतर रीतसर परीक्षा झाली. त्यामुळे 'नऊ महिने चालवलं' यात थोडी फुशारकी आहे, हे मान्य.

दोन आखांचं इंजिन, बफरपासून (टोकाचा धक्का झेलणाऱ्या तबकडीपासून) बफरपर्यंत जेमतेम 6.45 मीटर, वजन 16-17 टन. पुढे बोनेट, मागे ठेंगणी कॅब. शेजारी साधी बंदिस्त मालवाघीण उभी केली तर हे त्या वाघिणीचं पिल्लू वाटतं. कॅब एवढी ठेंगणी का, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी डोकं आपटल्यावर पडला. उत्तर असं, की ही इंजिनं एकेका स्टेशनावर एकटी राहायची. मोठ्या दुरुस्तीसाठी वर्कशॉपला जायचं तर ताशी 30 किलोमीटरच्या वेगाने मुख्य लाइन अडवून कोण जाऊ देणार? म्हणून उंचीच अशी ठेवली, की सपाट वाघिणीवर चढवून धाडता यावं. माझ्या कपाळावरचं टेंगूळ म्हणजे 1930 च्या दशकातल्या ड्रॉइंग-बोर्डाची कृपा.

तो काळ समजून घेतल्याशिवाय या इंजिनावर मत देणं अन्यायाचं होईल. तेव्हा लहान स्टेशनांचा माल नेणारी गाडी प्रत्येक ठिकाणी थांबायची. गाडीचंच वाफेचं इंजिन सोडवायचं, मालधक्क्यावरून भरलेल्या वाघिणी ओढायच्या, रिकाम्या लावायच्या, पुन्हा गाडीला जोडायचं. तोवर सगळी गाडी आणि तिचा स्टाफ ताटकळत. रस्त्यावर ट्रक वाढत होते, त्यांना असं थांबावं लागत नव्हतं. तेव्हाच्या जर्मन रेल्वेने, डॉइचे राइख्सबानने, 1930 च्या सुमारास वेगवेगळ्या कारखान्यांची लहान इंजिनं आजमावून पाहिली आणि मग एका प्रमाणित आराखड्यावर ती बनवून घ्यायला सुरुवात केली. डॉइट्झ, ग्माइंडर, युंग, ओरेनश्टाइन उंड कोपेल, क्राउस-माफाय अशा अनेकांनी ती बांधली. खरी युक्ती मात्र माणसांची होती. हे इंजिन चालवायला वाफेच्या इंजिनासारखा तयार ड्रायव्हर आणि फायरमन नको. स्टेशनावरच्याच एखाद्या कर्मचाऱ्याला थोडकं प्रशिक्षण द्यायचं. तोच एरवी मालधक्का सांभाळणार आणि वाघिणी आल्या की इंजिन चालवणार.

नावाची (रोमन लिपीत Köf) फोड मला फार आवडते. 'क' म्हणजे क्लाइनलोकोमोटिव्ह, लहान इंजिन. डोक्यावर दोन टिंबं असलेला 'ओ' म्हणजे तेल, अर्थात डिझेल. 'फ' म्हणजे तेलाच्या प्रवाहावर चालणारा गिअरबॉक्स. 2 हा ताकदीचा दुसरा, म्हणजे मोठा गट. 'फ' नसलेल्या 'क्यो'ला साधा यांत्रिक गिअरबॉक्स असतो. पेट्रोलवरची आणि बॅटरीवरचीही भावंडं होती, त्यांना वेगळी अक्षरं. पाटी वाचली की आत काय आहे ते कळतं. आमच्या क्योफच्या पोटात 128 अश्वशक्तीचं डॉइट्झचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे, ए-6-एम-517. शेवटचे 17 म्हणजे पिस्टनचा स्ट्रोक, त्याची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव, सेंटिमीटरमध्ये. चालू झाल्यावर ते 17 सेंटिमीटर पायाच्या तळव्यांना मोजता येतात.

आता चालवण्याबद्दल. तो 'फ' हाच या इंजिनाचा सगळ्यांत मोठा गुण आणि नवशिक्याचा सगळ्यांत मोठा शत्रू. मूळ कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरची, 1905 च्या पेटंटमधली आणि तीही जहाजांसाठी. एक पंखा तेल फेकतो, समोरचा पंखा त्या तेलाच्या जोराने फिरतो. दोघांमध्ये धातूला धातू लागत नाही. तेल भरलं की ओढ लागते, उतरलं की सुटते. जळायला क्लच नाही, झटका देणारा गिअर नाही. पण तेल भरायला वेळ लागतो ना! हँडल उघडलं तरी क्षणभर काहीच होत नाही.

तिसऱ्या महिन्यात मी एका जुन्या प्रवासी डब्याला टेकायला निघालो होतो. अंतर दोन मीटर. हँडल उघडलं, इंजिन ढिम्म. आणखी उघडलं. तेवढ्यात तेल भरलं आणि 16 टन एकदम निघाले. बफर असे आदळले की आत खिडकीच्या चौकटीला वॉर्निश लावत बसलेल्या सहकाऱ्याचा वॉर्निशचा अख्खा डबा उपडा झाला. (शंटिंग चालू असताना आत बसायचं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून आम्ही दोघांनी ते प्रकरण फार वाढवलं नाही.)

आमच्याकडे एक आजोबा आहेत, जन्मभर रेल्वेत काढलेले. ते म्हणाले, "हँडल उघडा आणि एकवीस, बावीस मोजा. मगच ठरवा, कमी पडतंय का." इथले लोक सेकंद मोजायला एकवीसपासून सुरुवात करतात, कारण जर्मनमध्ये तो आकडा म्हणायला बरोबर एक सेकंद लागतो. मी महिनाभर मनात मराठीत मोजत होतो आणि दर वेळी घाई होत होती. 'एकवीस' फार पटकन संपतं. आता जर्मनमध्ये मोजतो, बफर नुसते चुंबन घेतात.

दुसरा त्रास दिशा बदलण्याचा. इंजिन पूर्ण थांबल्याशिवाय पुढे-मागेचं हँडल हलवायचं नाही, आणि थांबल्यावरही कधीकधी दातावर दात येऊन अडकतं. जोर लावून उपयोग नाही. इंजिन नखभर हलू द्यायचं, मग 'टक्' करून बसतं. घाईच्या दिवशी हे हमखास होतं.

ब्रेकची तक्रार नाही, कारण आमच्यावर हवेचा ब्रेक नंतर बसवलेला आहे. मूळ इंजिनांना पायाने दाबायचा ब्रेक होता. तसल्या ब्रेकवर ओल्या रुळांवरून चार भरलेल्या वाघिणी थांबवणाऱ्या त्या स्टेशनवाल्यांना माझा नमस्कार.

आणि साखळ्या. चाकांना बाहेरून जोडदांडे नाहीत. गिअरबॉक्समधून दोन्ही आखांना रोलर-साखळ्या जातात. पाचव्या महिन्यात दिशा बदलल्यावर निघताना खालून ठोका ऐकू यायला लागला. मी कपलिंगवर संशय घेतला, आजोबांनी न बघता "साखळी" म्हटलं. पिटमध्ये, म्हणजे रुळांखालच्या तपासणीच्या खड्ड्यात, उतरलो. सायकलची साखळी डोळ्यांसमोर आणा आणि तिची पिन अंगठ्यापेक्षा जाड करा. पहारीने मधोमध उचलली तर एका आखाची साखळी शेजारणीपेक्षा स्पष्ट जास्त उचलली जात होती. प्रत्येक पिन केसाएवढी झिजते, अशा डझनावारी पिना मिळून साखळी लांबते. ताणायची म्हणून फार ताणूनही चालत नाही. आख स्प्रिंगवर वरखाली होतो, तेवढी ढील लागतेच. ताण घ्यायला आम्हाला दीड दिवस लागला. त्यातला एक दिवस जुना ग्रीस खरवडण्यात गेला. तो वास शर्टाला तीन धुण्यांनंतरही होता.

वेगाबद्दल एकच वाक्य : 2.5 मीटरच्या आखांतरावर हे इंजिन जोरात पळवलं की डुलतं, झुलतं आणि दातांवर दात आपटवतं. चालत्या माणसाच्या वेगाला मात्र याच्याइतकं आज्ञाधारक यंत्र मी पाहिलेलं नाही.

1959 पासून 240 अश्वशक्तीचं क्योफ-3 आलं, तरी क्योफ-2 ची बांधणी 1965 पर्यंत चालली. 1968 मध्ये पश्चिम जर्मनीच्या रेल्वेने, बुंडेसबानने, ब्रेक आणि वेग पाहून त्यांना 321 ते 324 हे क्रमांक दिले, पूर्व जर्मनीत 1970 मध्ये 100 ही मालिका मिळाली. मग लहान स्टेशनांचे मालधक्केच बंद पडत गेले. ज्या ट्रकशी झुंजायला हे इंजिन जन्मलं, त्यानेच याचं काम नेलं. कितीतरी इंजिनं कारखान्यांच्या आणि बंदरांच्या साइडिंगला गेली, म्हणून तर आमच्यासारख्यांच्या हाती लागली.

कुठल्या संस्थेला घ्यायचं असेल तर रंगावर भाळू नका. आमचंही गर्द लाल आणि देखणं होतं. आधी पहार घेऊन पिटमध्ये उतरा आणि चारही ठिकाणी साखळी उचलून बघा. मग गिअरबॉक्सचं तेल बोटावर घ्या, त्याला जळका वास आहे का बघा. शेवटी इंजिन थंड असताना चालू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलेलं असेल तर चहा प्या, तासभर थांबा आणि पुन्हा सांगा.