ट्यूबलेस ग्रॅव्हल टायर, दोन हिवाळे वापरून : नॉब नंतर बघा, आधी साइडवॉल बघा

माझ्या ग्रॅव्हल सायकलचा (खडी-मातीच्या रस्त्यांवर चालवायची सायकल) मागचा टायर साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, फाटला आणि विक्रेत्यानं वॉरंटी नाकारली, म्हणून हे सविस्तर लिहितेय. नॉब (पकडीसाठीचे रबराचे उंचवटे) निम्म्याहून जास्त शिल्लक, मधला भाग ठणठणीत आणि बाजूला नखाएवढा तिरपा काप. उत्तर आलं : बाहेरच्या वस्तूनं कापलंय, उत्पादनातला दोष नाही. नियमानं ते बरोबरच असेल. पण खोक्यावर पंक्चर-संरक्षण म्हणून ठळक छापलेला पट्टा फक्त ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या, खाली आहे, बाजूला नुसतं पातळ कापड आणि त्यावर रबराचा एक हात, हे त्या खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही. माझा राग त्यावर आहे. एवढं रबर शिल्लक असताना टायर टाकून द्यायचा म्हणजे जीव तुटतो.

कोरड्या दिवसांत याच टायरबद्दल माझी एकही तक्रार नव्हती. ४० मिमी रुंद, हलका, पळायला मस्त. त्याची परीक्षा ओल्या, चिखलाच्या हिवाळ्यात झाली. ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं, कारण पाणी वंगणाचं काम करतं. वरची माती वाहून जाते आणि धारेची खडी उघडी पडते. त्यात चिखलात पकड मिळावी म्हणून आपण हवा कमी ठेवतो. मग टायर दबतो, बाजू बाहेर फुगते आणि नेमकी तीच दगडाला घासते. शिवाय घरात २० अंशांना भरलेली ३० पीएसआय हवा बाहेर ० अंशांना साधारण २७ वर येते. कुठेही गळती नसताना. थंडीत निघण्यापूर्वी हवा घरात नाही, बाहेर मोजा.

सीलंटवर (टायरमध्ये ओतलेला, भोक बुजवणारा द्रव) माझा विश्वास आहे, पण त्याची हद्द ओळखा. ट्रेडमधलं काट्याचं भोक तो चालता चालता बुजवतो, कळतही नाही. साइडवॉल मात्र चाकाच्या प्रत्येक फेरीला वाकते. माझ्या कापात प्लग (भोकात कोंबायची रबरी पट्टी) बसला, हवा धरली आणि थोडं अंतर गेल्यावर त्याच्या कडेनं सीलंटचे पांढरे थेंब पुन्हा यायला लागले. जवळून पाहिलं तर कापडाचे धागे तुटून बाहेर आलेले. धागेच तुटल्यावर प्लग धरणार कशाला? आतून ठिगळ आणि ट्यूब, एवढाच मार्ग उरतो.

आता टीपीआयबद्दल, म्हणजे केसिंगच्या (टायरच्या आतल्या कापडाच्या) एका इंचात किती धागे त्याबद्दल. १२० म्हणजे चांगला आणि ६० म्हणजे स्वस्तातला, असं सर्रास बोललं जातं. जास्त टीपीआय म्हणजे बारीक धागे, लवचिक केसिंग, आरामदायी टायर. टिकाऊपणाची हमी त्यात नाही. आकडे मोजण्याची पद्धतही सारखी नसते. कॉन्टिनेंटल ही टायर कंपनी ३/१८० लिहिते तेव्हा ते ६० टीपीआयचे तीन थर असतात. म्हणून आकडा सोडा, या बीडपासून (रिममध्ये बसणारी टायरची कड) त्या बीडपर्यंत संरक्षक थर आहे का, तेवढं विचारा.

तसा थर असलेला टायर मी मागे लावला. शंभरेक ग्रॅमनं जड. पहिले काही आठवडे अजिबात आवडला नाही : चढावर सुस्त, खडबडीत रस्त्यावर ताठ आणि रिमवर चढवताना बोटांची सालं निघाली. परत करायचा विचार पक्का होत आला होता. मग हवा दोन-तीन पीएसआयनं उतरवली आणि टायर एकदम माणसात आला. साइडवॉल ताठ असल्यामुळे तेवढ्या कमी हवेतही वळणावर तो लडबडत नाही. संपूर्ण हिवाळा त्याच गारगोट्यांवरून गेला. बाजूला ओरखडे भरपूर आहेत, पण धागा कुठेही दिसत नाही. पुढे मात्र हलका टायरच ठेवलाय. वजन मागच्या चाकावर जास्त येतं आणि पुढचं चाक आपण बघून टाकतो. दोन्हीकडे जड लावा, असं मी कोणालाही सांगणार नाही.

सायक्लोक्रॉसचं, म्हणजे गवत-चिखलातल्या सायकल शर्यतींचं, थोडक्यात. यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना) शर्यतीत ३३ मिमीची मर्यादा आहे, त्यामुळे निवड तशीही आखडते. तिथे गवत आणि चिखल, दगड कमी. उंच, विरळ नॉबचा हलका टायर तिथे योग्यच, फक्त फार कमी हवेत बीडमधून फसकन हवा सुटत नाही ना, हे सरावात बघून घ्या. तोच टायर खडीच्या लांब फेरीला नेऊ नका. मऊ नॉब बघता बघता झिजतात आणि पातळ बाजूचा प्रश्न आहेच. दोन्हीला एकच जोडी वापरायची असेल तर आखूड नॉब आणि जाड साइडवॉल घ्या, चिखलात थोडं घसरणं सोसा.

फाटलेला टायर आतून ठिगळ लावून, ट्यूब घालून घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचं स्टँड) चढवलाय. रस्त्यावर त्याच्यावर भरवसा ठेवणार नाही. पुढच्या हिवाळ्यासाठी मागे हाच जड टायर ४५ मिमीमध्ये घेणार आहे. फ्रेममध्ये तो बसतो, पण चिखलाला दोन्ही बाजूंनी जागा उरते का हे मोजल्याशिवाय ऑर्डर देणार नाही. चिखलात अडकलेली खडी फ्रेमचा रंग खरवडून काढते.