अपूर्णांकाचा छेद शोधायला मुलींना कुठे न्यायचं: व्हिएन्नाला, एरंडवण्याला की उपकेंद्रात?

पुण्यात मिडवाइफरीच्या, म्हणजे सुईणकाम शिकणाऱ्या मुलींना शिकवायला नवीन लागलेल्या शिक्षिकेपुढे हा पेच पहिल्याच सत्रात येतो. वेळापत्रकात एपिडेमिऑलॉजी, म्हणजे साथरोगशास्त्र असते, तास मोजके असतात आणि मुलींचं सगळं लक्ष लेबर रूमकडे. मी तीन रस्ते आलटून पालटून वापरले आहेत. फळ्यावर सूत्रं लिहून देणं हा चौथा, पण त्याने फक्त व्हायवा (तोंडी परीक्षा) निघतो, म्हणून तो सोडून देते.

आधी आडवा येतो तो शब्दच. 'साथरोगशास्त्र' म्हटलं की मुलींच्या डोळ्यांपुढे कॉलरा, डेंग्यू, कोविड. रक्तक्षयाला कुणी साथ म्हणत नाही, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावालाही नाही. म्हणजे ते या विषयात नाहीत, असा त्यांचा सरळ हिशेब. म्हणून पहिल्या तासाला मी 'साथ' बाजूला ठेवते आणि शाळेतला अपूर्णांक काढते. वर किती जणींना झालं, खाली किती जणींना होऊ शकलं असतं. वरचा आकडा वॉर्डात फिरलं तरी सापडतो. खालच्यासाठी, म्हणजे छेदासाठी, कुठेतरी जावं लागतं.

व्हिएन्नाची गोष्ट सगळ्यात सोपी. खर्च शून्य, दीड तासात होते. तिथल्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते: पहिल्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. 1846 साली पहिल्या विभागात 4010 बाळंतपणं झाली आणि 459 बाया दगावल्या. दुसऱ्यात 3754 बाळंतपणं आणि 105 मृत्यू. भागाकार मुलींनीच करायचा: 11.4 टक्के आणि 2.8 टक्के. मग विचारायचं, का? मुली म्हणतात, पहिल्या विभागात अवघड केसेस जात असतील. तिथेच मजा आहे, कारण कोणत्या विभागात भरती व्हायचं हे मुख्यतः वारावर ठरत होतं. फरक होता तो शवविच्छेदनाचा: विद्यार्थी तिथून थेट प्रसूतीकडे येत, सुईणी शवाला हात लावत नसत. 1847च्या मे महिन्यात तिथल्या सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने क्लोरिनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि पहिल्या विभागातले मृत्यू झपाट्याने उतरले. सुईणींचा विभाग सुरक्षित होता, हे ऐकून वर्ग ताठ बसतो, तो फायदा वेगळाच.

तोटा असा की छेद आयता मिळतो. 4010 हा आकडा कुणीतरी मोजून ठेवलाय, आपण नुसता भागाकार करतो. आणि परीक्षेत मुलींना सेमेलवाइस आठवतो, त्याचा तक्ता नाही.

पुण्यातल्या एरंडवण्याचा रस्ता म्हणजे 2024 सालच्या झिकाचा, एडीस डासामुळे पसरणाऱ्या विषाणूच्या आजाराचा सराव. त्या वर्षीचे पुण्यातले पहिले रुग्ण जूनमध्ये याच भागात सापडले, त्यामुळे वर्गातल्या निम्म्या मुलींना गल्ल्या माहीत असतात. रुग्ण कुणाला म्हणायचं ती व्याख्या, एडीस डासाच्या अळ्या शोधायला शंभर घरं तपासली तर किती घरांत सापडल्या ती टक्केवारी, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची थाळी: अर्धा दिवस हां हां म्हणता जातो. एक प्रश्न मात्र सोडू नका. यादीत गरोदर स्त्रिया इतक्या का दिसल्या? झिका त्यांनाच जास्त होतो म्हणून नव्हे. पोटातल्या बाळाला धोका, म्हणून तपासणीचा भर त्यांच्यावर होता. बहुतेकांना या आजाराची लक्षणंच दिसत नाहीत, त्यामुळे जिथे तपासाल तिथे सापडेल. एवढं कळलं तर अर्धा दिवस वसूल. पण हे शहरी आणि क्वचितचं प्रकरण आहे. रोजच्या कामात ती मुलगी झिका नाही, हिमोग्लोबिन मोजणार आहे.

आता खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्राचं रजिस्टर. हा रस्ता कटकटीचा: बस हवी, परवानगी हवी, एएनएम सिस्टरचा (उपकेंद्र सांभाळणाऱ्या परिचारिकेचा) वेळ हवा. तरी माझं मत याच्याच बाजूने, कारण उद्या हे रजिस्टर भरणार त्या याच मुली.

एका उपकेंद्रात मी मुलींना वर्षभराची जन्मवजनं काढायला लावली. आलेख कागदावर उतरला आणि 2.5 किलोवर बांबूसारखा उभा राहिला. 2.3, 2.4 जवळपास रिकामे. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, इथली बाळं अशी एकसारखी कशी?" अडीच किलोच्या खाली बाळ कमी वजनाचं धरतात, मग पुढचं लिहिणं वाढतं, बाळाला जास्त जपावं लागतं, त्यात काटा जुना. म्हणून 2.3, 2.4 चं कागदावर 2.5 होतं. सिस्टर हसल्या, पण नाकारलं नाही. नोंदीतली चूक म्हणजे काय, हे यापेक्षा चांगलं मला फळ्यावर कधी शिकवता आलं नाही.

मग माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे नोंदणी सासरच्या गावात आणि बाळ भलत्याच तालुक्यात. कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यातल्या गरोदर बाया कुणाच्या छेदात धरायच्या? मुली यावर भांडतात. भांडू द्यावं.

एक सावधगिरी: मातामृत्यू शिकवायला रजिस्टर वापरू नका. हे गुणोत्तर लाख जिवंत जन्मांमागे काढतात. 2018-20 मध्ये ते महाराष्ट्रात 33 होतं, देशात 97. तीस हजार वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, जन्मदर हजारी 15 धरला, तर वर्षाला 450 जन्म. म्हणजे सहा-सात वर्षांत एखादा मृत्यू. 'आमच्याकडे यंदा शून्य' यातून काहीच सिद्ध होत नाही. उलट पुण्याच्या ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात अवघड केसेस जिल्हाभरातून येतात, तिथला आकडा मोठा दिसणारच. पेठेतलं छोटं प्रसूतिगृह गुंतागुंत दिसताच रुग्ण पुढे पाठवतं आणि स्वच्छ राहतं. ही दोन टोकं वर्गात समोरासमोर ठेवा, पुढचा तास आपोआप भरतो.

तुमच्याकडे चारच तास असतील तर व्हिएन्ना आणि तीस हजार वस्तीचं गणित घ्या, बाकी सोडा. कम्युनिटी पोस्टिंगचा (गावात जाऊन शिकण्याचा) पूर्ण आठवडा मिळत असेल तर व्हिएन्ना पहिल्या दिवशी उरकून उरलेले दिवस रजिस्टरला द्या. कॉलेज शहरात अडकलं असेल आणि बस मिळण्याची आशाच नसेल, तर झिका. हुशार तुकडी असेल तर पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेला गरोदर मातांच्या आहाराचा अभ्यासही वाचायला द्यावा. पालेभाजी, फळं, दूध जास्त खाणाऱ्या बायांची बाळं मोठी, असं त्यात दिसलं. मग फळं आणि दूध परवडतं कुणाला, हा प्रश्न मुलींनी स्वतःहून विचारला तर थांबायचं नाही.

उपकेंद्र ठरवलंत तर परवानगीचं पत्र वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे महिनाभर आधी द्या. नावांचा रकाना झाकायला जाड कागदाच्या पट्ट्या बरोबर घ्या. आणि 9 तारखेला जाऊ नका, त्या दिवशी सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. महिनाअखेरीलाही नको, सिस्टर रिपोर्टमध्ये बुडालेल्या असतात.