अँब्युलन्सवरचा लाल-निळा लाईटबार : आठ महिने वापरल्यावर

मेढ्याच्या बाजूच्या एका ट्रस्टची अँब्युलन्स मी चालवतो. पेशंट साताऱ्याला न्यायचा, केस जड असली तर पुण्याला. मागच्या जूनमध्ये आरटीओत आधी विचारून टपावरचा जुना दिवा उतरवला आणि लाल, निळा, पांढरा असा तीन रंगांचा एलईडी बार बसवला.

जुना दिवा जांभळ्या काचेतला लाल, आत हॅलोजनचा बल्ब. त्याचा निम्मा-अधिक उजेड काचच खायची. भर दुपारी पोवई नाक्यावर तो चालू आहे की बंद, हे मला खाली उतरून बघावं लागायचं. एलईडीत रंग काचेतून गाळावा लागत नाही, मुळातच रंगीत उजेड निघतो. दिवसा लाल रंग आता लांबून ओळखू येतो. शिवाय 1 मे 2017 पासून साहेबांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, त्यामुळे टपावरचा लाल बघून कोणी मंत्री आला असं समजत नाही.

रात्री मात्र हाच लाल कमी पडतो. उसाचा हंगाम सुरू झाला की हायवेवर पुढे ट्रॉल्या, ट्रक, सगळ्यांचे टेललाईट आणि ब्रेकलाईट लालच. त्यात आपला लाल कोणाला वेगळा दिसणार? निळा तिथे एकटाच असतो. शिवाय अंधारात डोळ्यांचा कल बदलतो : उजेडात डोळे 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट-पिवळ्याला सगळ्यात जास्त दाद देतात, अंधारात 507 च्या निळसर हिरव्याला. म्हणून दिवेलागणीनंतर लाल मंद वाटतो आणि निळा उजळ. याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. दिवस मावळला की मी निळ्यावर भर देतो.

पांढऱ्याने मला सगळ्यात जास्त त्रास दिला. जुलैत केळघर घाटात धुकं उतरलेलं, आत बाळंतीण, आणि प्रत्येक फ्लॅश धुक्यावर आपटून माझ्याच डोळ्यांत. दहा मीटरवरचं वळण दिसेना. धुक्यात लाल लांब जातो असं दुकानात सांगितलं होतं, ते खरं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, म्हणून सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. फरक पडतो तो पांढरा बंद केल्याने. दुसऱ्याच दिवशी वायरमनकडून त्याला वेगळा स्विच काढून घेतला. नवीन बार घेणाऱ्याने ही मागणी पहिल्यांदा करावी.

दुकानदाराने सगळ्यात जलद पॅटर्न लावून दिला होता. बघायला जोरदार, पण इतक्या भरभर लुकलुकणाऱ्या दिव्यावरून गाडी किती लांब आहे याचा अंदाज समोरच्याला येत नाही. युरोपात मान्य असलेल्या 65 क्रमांकाच्या नियमात सेकंदाला 2 ते 4 वेळा असं बंधन आहे. मी 2 च्या आसपास ठेवलाय.

डिसेंबरात हायवेवर अपघाताच्या जागी थांबलो होतो, बार पूर्ण तेजावर. मागून आलेल्या दुचाकीवाल्याला स्ट्रेचर धरून उभा असलेला आमचा मदतनीस दिसलाच नाही, हातभर अंतराने वाचला. तेव्हापासून गाडी उभी केली की पांढरा बंद, बाकीचे रात्रीच्या मंद मोडवर. हा मोड नसलेला बार घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो.

बाकी तक्रार एकच : ऑगस्टच्या पावसात डाव्या टोकाला आत पाणी शिरलं, पाठपुरावा केल्यावर बदलून मिळालं.

वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या 194 ई कलमाखाली 10,000 रुपये दंड आहे, पण त्याला आधी आपण दिसायला हवं. आणि टपावरचा बार अगदी पुढे असलेल्या कारच्या आरशात येत नाही, तो तिच्या छतावरून जातो. खंबाटकीच्या बोगद्यात हे मी चार-पाच वेळा अनुभवलंय. म्हणून या महिन्यात समोरच्या जाळीत, कारच्या आरशाच्या उंचीवर, दोन छोटे निळे दिवे बसवतोय. पुढचा पावसाळा काढला की त्यांचं सांगेन.