महालातले मास्तर आणि रोज घालता येणारं झालरीचं कोशाचं ब्लाउज

सिल्कचं ब्लाउज शिवून देणारे नागपुरात गल्लोगल्ली आहेत. लग्नातलं, पॅडवालं, पाठीवर लटकन लोंबणारं ब्लाउज कुठंही शिवून मिळतं. मला ते नको होतं. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, समोरून बटणांचं, गळ्याला आणि बटणपट्टीला बारीक झालर असलेलं आणि कंबरेच्या खाली चार बोटं येणारं असं ब्लाउज हवं होतं. सुती साडीखाली खोचता यावं, पॅन्टवर ऑफिसला चालावं, रविवारी लांब स्कर्टवर बाहेर सोडता यावं आणि मुख्य म्हणजे घरी धुता यावं. ही शेवटची अट ऐकली की बहुतेक टेलर 'ड्रायक्लीनच करा मॅडम' म्हणून मोकळे होतात. महाल भागातल्या या मास्तरांनी तसं म्हटलं नाही, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितेय.

दुकानाला पाटी नाही आणि आपलं नाव कुठं यावं अशी मास्तरांची इच्छाही नाही, त्यामुळे तेही लिहीत नाही. बडकस चौकाकडून आत शिरलं की एका जुन्या घराच्या ओसरीत दोन मशीन, कापायचं एक टेबल आणि खिळ्याला टांगलेले खाकी कागदाचे कटिंग (मापाचे साचे) दिसतील. मास्तर कापतात आणि मशीनवर बसतात, हातशिलाई सगळी त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या काकूंची. मेट्रोनं येणाऱ्यांनी अग्रसेन चौकात उतरून ई-रिक्षा करावी. चारचाकी आणूच नका, गल्लीत वळवायला जागा नाही.

माझ्या आधी एक बाई भारी सिल्कचा पीस घेऊन उभ्या होत्या. मास्तरांनी कापड मुठीत चुरगळून सोडलं आणि विचारलं, "पाण्यातून काढलं का हे?"

"नाही."

"मग काऊन आणलं, ताई? आधी धुवा, मग कापू."

बाई वैतागून गेल्या. मला मात्र तिथंच भरवसा वाटला. घरी धुवायचा कपडा असेल तर कापड कापण्याआधी धुतलंच पाहिजे, आणि हे टेलरनं स्वतःहून सांगणं म्हणजे त्याला आपलं ब्लाउज वर्षभरानंतरही अंगावर बसायला हवंय. माझ्या कापडाच्या टोकाचा दहा इंची चौकोन कापून त्यांनी मला दिला. रिठ्याच्या पाण्यातून काढून, सावलीत वाळवून, इस्त्री करून परत आणा म्हणाले. आणला, तर उभ्या धाग्यात पाव इंच आटला होता. दहा इंचाला पाव म्हणजे माझ्या सव्वादोन मीटर कापडाला दोन इंचांहून जास्त! न धुता शिवलं असतं तर पहिल्याच धुण्यात पट्टी गोळा झाली असती आणि झालर पुढं ओढली गेली असती. शिवाय कोशावर पाण्याचा थेंब पडला की डाग उमटतो. सगळं कापड एकदा सारखं भिजून वाळलं, त्यातली कांजी निघाली, की तो त्रास बराच कमी होतो.

आता कापडाबद्दल. कोसा आपल्या विदर्भाचाच. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर, गोंदियाकडच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर त्याच्या अळ्या वाढतात, ढिवर समाजातली कुटुंबं पिढ्यानपिढ्या ते राखत आली आहेत. भंडाऱ्याकडच्या मोहाडी, आंधळगावला त्याचे माग आहेत. राज्याच्या रेशीम संचालनालयाचं मुख्यालयसुद्धा नागपुरातच. एवढं सगळं हाताशी असून आपण सीताबर्डीवर 'सिल्क टॉप' म्हणून पॉलिस्टरचं सॅटिन घालून घामाघूम होत फिरतो, याचं मला कायम नवल वाटतं.

माझं कापड गांधीबागेतून घेतलं. न रंगवलेला, मधाळ रंगाचा कोसा, ४४ इंच पन्हा (रुंदी), अकराशे रुपये मीटर. घेताना 'सिल्क मार्क'चं लेबल पाहा. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं ही योजना २००४ साली सुरू झाली. लेबल नसेल तर कडेचा धागा मागून घ्या आणि जाळून बघा. खरं रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत भुगा होते. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. उभा आणि आडवा, दोन्ही धागे वेगवेगळे जाळा, कारण मिसळ तिथंच असते. दुकानदारानं तोंड वाकडं केलं तर पुढच्या दुकानात जावं.

झालरीसाठी क्रेप घ्यावं की कोसा, यावर मास्तरांशी चांगलाच वाद झाला. क्रेप लोंबतं, अंगाबरोबर वाहतं, त्याची रुंद झालर सुंदर दिसते. कोसा अंगचाच थोडा ताठ, त्याची झालर उभी राहते. मला मोठी, दोन पदरी झालर हवी होती. मास्तरांनी टेबलावरची कोशाची चिंधी घेतली, दुहेरी घडी घातली, धावदोरा ओढून चुण्या पाडल्या आणि माझ्या गळ्याशी धरून आरसा दाखवला. कोंबडीनं मान फुलवावी तशी दिसत होते! मग ठरलं ते असं: झालर एकपदरी, तयार दीड इंच, आणि उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, कापलेली. उरेब कापलं की कोशाचा ताठरपणा उतरतो, आणि सरळ धाग्यात जी झालर फटकन बाहेर येते ती उरेबात जरा झुकते. सुती कापडाला चुण्यांसाठी दुप्पट पट्टी धरतात. इथं त्यांनी पावणेदोनपट धरली. गळा आणि एका बाजूची बटणपट्टी मिळून पस्तीस इंच, म्हणजे झालरीची पट्टी साधारण एकसष्ट इंच. जास्त चुण्या घातल्या तर शिलाईत कापड गोळा होऊन छातीवर कडक दोरी येते, हे त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर निघालं.

झालर कुठं नको, हे ते जास्त ठामपणे सांगतात. खांद्यावर नको, कारण पर्सचा पट्टा तिथंच येतो. बाहीच्या टोकाला नको, कारण "तर्री-पोह्यात जाते मग." आणि गळ्याची झालर मागच्या बाजूला मानेवर येऊ द्यायची नाही, खांद्याच्या शिलाईपाशीच निमुळती करून संपवायची. हा मुद्दा नागपूरकरणींना लगेच कळेल. आपण गाडीवर निघताना स्टोल डोक्यावरून, तोंडावरून घेऊन मानेमागं गाठ मारतो. मानेवर झालर असती तर ऑफिसला पोचेपर्यंत तिची घडी झाली असती. आता स्टोल सोडला की पुढची झालर बोटांनी एकदा झटकली, झालं.

शिवणकामावर मात्र बोट ठेवायला जागा कमी. आधी मांजरपाटाचं, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचं, ब्लाउज टाचून अंगावर घालायला लावलं, त्याचे दीडशे रुपये वेगळे. अनेकींना हे पैसे फुकट वाटतात. मला नाही वाटत. कोशात टीप उसवली तर सुईची भोकं तशीच राहतात, त्यामुळे चुका करायच्या त्या मांजरपाटावरच. माझा मुंढा (बाही जोडायचा गोल काप) तिथं अर्धा इंच खाली घेतला, पुढचे टक्स (छातीजवळच्या शिवलेल्या चिमट्या) काढून त्यांचा घेर चुण्यांमध्ये सोडला. हे टक्स काढल्यामुळेच ते ब्लाउज साडीचं साडीपुरतं न राहता पॅन्टवरही चालतं. सुई दहा नंबरची, नवी. टाचण्या फक्त शिलाईच्या दाबात (शिलाईबाहेर सोडलेल्या कापडात), म्हणजे त्यांची भोकं नंतर आत जातात.

कोशाचे धागे कापताक्षणी सुटायला लागतात. त्यावर इंटरलॉक, म्हणजे कडेला मशीननं दोरा गुंफून, मारून देणारे खूप, पण इंटरलॉकचा जाड काठ पातळ कापडातून बाहेर उमटतो आणि काखेत टोचतो. इथं आधी उलट्या बाजू एकमेकींना लावून टीप मारतात, दाब कातरून कापड उलटवतात आणि सुटे धागे आत कोंडून दुसरी टीप मारतात. उलटं करून घातलं तरी चालेल इतकं आतून स्वच्छ. पूर्ण अस्तर घालू नका असंही त्यांनीच सांगितलं. फक्त काखेत मलमलची दुहेरी पट्टी, जी उसवून बदलता येते. घामानं रेशीम आधी पिवळं पडतं, मग विरतं, आणि ते काखेतच सुरू होतं.

काकूंचं काम बसून पाहण्यासारखं आहे. झालरीच्या कडेला मशीनचा पिको नाही, हातानं वळवलेली कड. डाव्या अंगठ्याखाली कापड दाबून धरतात, तर्जनीनं कड आत लाटतात, इतकी बारीक की आत जेमतेम दोन-तीन धागे मावतील. मग सुई वळलेल्या नळीतून सरकवतात, बाहेर येताना मुख्य कापडाचा एकच धागा उचलतात, परत नळीत. पाच-सहा टाके सैल घालून झाले की दोरा हळूच ओढतात आणि तेवढा भाग एकदम मिटतो. उरेब कड असल्यामुळे जोरात ओढलं तर ती लाटांसारखी पसरेल, म्हणून ओढताना त्या बोलत नाहीत. एरवी बोलणं अखंड चालू. एकसष्ट इंच असं करायचं! या कामाचे चारशे रुपये घेतले, मला ते कमीच वाटले.

आता खटकलेल्या गोष्टी. पहिली, काज. काज हे लोक करत नाहीत, बाहेर पाठवतात, आणि एवढ्या कामात तेच सगळ्यात सुमार. मशीनच्या काजातून कोशाचे धागे डोकावत होते, दोन काजांची तोंडं कमी-जास्त. झालरीखाली झाकतात म्हणून चालून गेलं. पण हातकाज हवं असेल तर काकूंना आधीच सांगा. त्या करतात, विचारल्याशिवाय सांगत नाहीत. दुसरी, बटणं. त्यांच्या डब्यातली चकाकणारी प्लॅस्टिकची बटणं या कापडावर फार वाईट दिसतात. इतवारीत कापड मढवून बटणं करून मिळतात, उरलेल्या चिंध्या घेऊन जा.

तिसरी आणि मोठी, तारीख. पोळ्याच्या आधी देतो म्हणाले होते. नाही दिलं. मग मारबतीनंतर, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीनंतर, या म्हणाले, तेव्हाही नाही. (मारबतीच्या दिवशी त्या भागात जायचा विचारही करू नका. काळी-पिवळी मारबत आणि बडगे हे मिरवणुकीतले पुतळे बघायला जायचं असेल तर गोष्ट निराळी.) शेवटी हाती आलं ते नवरात्राच्या तोंडावर. फोन उचलत नाहीत, पावती म्हणजे कापडाला टाचलेली चिठ्ठी, आणि माप देताना-घेताना आडोसा म्हणजे एक पडदा. ज्यांना अमुक दिवशी कार्यक्रमाला घालायचंय त्यांनी इथं जाऊ नये, असं मी स्पष्टच सांगेन.

हिशेब असा: सव्वादोन मीटर कोसा २,४७५, शिलाई ९००, झालरीची हातशिलाई ४००, मांजरपाट १५०, बटणं साठ. चार हजाराला पंधरा कमी. तयार टॉपच्या मानानं महाग, बुटीकच्या मानानं स्वस्त.

वापराचं म्हणाल तर दिवाळीपासून होळीपर्यंत आठवड्यातून एकदा तरी अंगावर असतंच. नागपूरच्या थंडीत वरून स्वेटर घातला की नुसती झालर गळ्यातून बाहेर दिसते, ते मला फार आवडतं. करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेल्या कोशाच्याच, साडीवर तर त्याचा रंग साडीतलाच वाटतो. एप्रिल लागला की मी ते ठेवून देते. कोसा हवा खेळू देतो हे खरं, पण पंचेचाळीस अंशांत मलमलशिवाय काही सुचत नाही. धुते ती बादलीत, गार पाण्यात, रिठा किंवा थोड्या शाम्पूनं; साध्या पावडरीतला सोडा रेशमाला मानवत नाही. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं. किंचित दमट असताना उलट्या बाजूनं इस्त्री, आणि झालरीवर इस्त्रीचं टोक बाहेरच्या कडेकडून चुण्यांकडे न्यायचं, चुण्यांवर ठेवायचं नाही. पाणी शिंपडायचं नाही, थेंबाचे डाग पडतात. एवढ्या धुण्यांनंतर शिलाई कुठंही सरकलेली नाही, कड एका ठिकाणीही सुटलेली नाही.

पाचपैकी चार. कापलेला एक तारखेचा आणि काजाचा मिळून. दुकान दुपारी जेवणाच्या वेळी बंद असतं, संध्याकाळी दिवे लागले की मास्तर कोशाला कात्री लावत नाहीत, त्यामुळे माप द्यायला सकाळीच जा. कापड धुवून न्या.