‘स्टेज वन’च्या नावाखाली माझ्या गाडीत काय बसवलं

माझी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे. हायवेला 17 चं ॲव्हरेज, कधी रस्त्यात उभी राहिली नाही. दर पंधरा दिवसांनी पुण्याहून वाईजवळच्या गावी आईकडे जातो. चौघं बसून एसी लावला की खंबाटकी चढताना गाडीला दम लागायचा. तक्रार एवढीच होती, आणि तिच्यापायी माझे 14,500 रुपये गेले. वर गाडी पूर्ववत करायला आणखी साडेपाच हजार. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं लिहितोय.

गाड्यांची ताकद वाढवून देणारं ते दुकान झकपक होतं. चालवणारा तिशीतला, बोलायला फार गोड. बॉनेट उघडून म्हणाला, “दादा, तुमची गाडी श्वासच घेत नाही. कंपनी मुद्दाम दाबून ठेवते. स्टेज वन करून घ्या, पिकअप वाढेल, ॲव्हरेज दोनने वाढेल.” एक ग्राफ दाखवला, ताकदीत 12 बीएचपीची वाढ. त्यावर ना गाडीचा नंबर होता, ना तारीख. हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

‘स्टेज वन’ म्हणजे ताकद वाढवण्याचे पहिल्या टप्प्याचे बदल. त्या नावाखाली त्याने तीन गोष्टी केल्या. कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर लावला. एका सेन्सरच्या वायरी कापून मध्ये ‘पॉवर मॉड्यूल’ नावाची काळी डबी जोडली. आणि थ्रॉटल बॉडीवरचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागावरचा, स्क्रू फिरवून “हवा सेट केली” म्हणाला. मग बॅटरीची वायर पंधरा मिनिटं काढून ठेवली. जुना डबा मागितला तर “तो भंगारात गेला, दादा.” बिल मागितलं तर “जीएसटी उगाच लागेल.” मी यूपीआयने पैसे दिले आणि निघालो.

पहिले दोन दिवस गाडी खरंच वेगळी वाटली. कोन फिल्टरचा आवाज मोठा, आणि आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. बॅटरी काढल्यामुळे ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, आजवर शिकलेलं सगळं पुसलं जातं, त्यानेही गाडीचा स्वभाव थोडे दिवस बदलतो. मग स्लो, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचे मिनिटाला फेरे, 1100 वर अडकला, ॲव्हरेज 13 वर आलं, चेक लाइट लागली. पीयूसीला गेलो तर कार्बन मोनॉक्साइड 1.4 टक्के. बीएस फोर पेट्रोल गाडीला मर्यादा 0.3 ची आहे.

गावाकडच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे गाडी नेली. मे महिना, दुपारची वेळ. त्यांनी स्कॅनर, म्हणजे ईसीयूतले आकडे दाखवणारं यंत्र, लावला आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. बाहेर 38 अंश ऊन, आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान स्क्रीनवर 1 अंश. इंजिन तापलं, पंखा सुरू झाला, तरी आकडा 1 वरून हलला नाही. काका म्हणाले, “साहेब, ह्या सेन्सरच्या तोंडाला कुणीतरी कुलूप लावलंय.”

त्यांनी काळी डबी हेक्सॉ ब्लेडने कापली. आत राळ ओतलेली, आणि राळेत एक रेझिस्टर. हिरवा, निळा, तांबडा, सोनेरी पट्टे. मीटरवर 5.6 किलोओहम. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो एक-दोन रुपयांना मिळतो. दुसरं काहीही नव्हतं. ती राळ आणि तो रेझिस्टर तळहातावर घेऊन मी किती तरी वेळ तसाच उभा होतो.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक इथेच आहे. हवा गार असली की दाट असते, म्हणून ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो. हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा रोध गारव्यात वाढतो. सेन्सरच्या जागी ठरावीक रेझिस्टर लावला की ईसीयूला कायम थंडीच दिसते आणि तो पेट्रोल वाढवतो. सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर जास्तीचं पेट्रोल पकडून कमी करायला सांगतो. माझ्या गाडीत ही दुरुस्ती उणे 19 टक्क्यांपर्यंत, म्हणजे पेट्रोल 19 टक्के कमी करण्यापर्यंत, गेली होती, तरी पुरत नव्हती. घाटात पूर्ण रेस दिली की ईसीयू त्या सेन्सरचं ऐकणं जवळजवळ थांबवतो. प्लग काजळीने काळे झाले होते.

रेझिस्टर काढून खरा सेन्सर जोडला, कोन फिल्टर तसाच ठेवला, तेव्हा स्कॅनरने 61 अंश दाखवले. म्हणजे तो फिल्टर रेडिएटरमागची तापलेली हवा ओढत होता. बाहेरच्या 38 अंशांच्या हवेपेक्षा ती सात टक्के विरळ. कंपनीच्या डब्याची नळी पुढच्या जाळीजवळून बाहेरची हवा घेते. तो डबा काढून मी पैसे मोजून इंजिनाची हवा कमी करून घेतली होती.

स्क्रूचं तर फार वाईट वाटतं. कार्बोरेटरच्या काळात हवा-पेट्रोलचं मिश्रण स्क्रूने लावायचे, ते बरोबरच होतं. इंजेक्शनच्या गाडीत मिश्रण ईसीयू ठरवतो. थ्रॉटलचा तो स्क्रू कारखान्यात लावून त्यावर रंगाची खूण करतात. माझ्या गाडीवरची खूण तुटलेली होती. कुणी तिथे पाना लावत असेल तर हात धरा.

1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. बिल नाही, पण यूपीआयची नोंद, पीयूसीचा कागद, स्कॅनरचे फोटो आणि कापलेली डबी आहे. दुकानदार तीन हजार परत द्यायला तयार झाला होता, मी घेतले नाहीत.

गेल्या रविवारी तिथून जाताना त्याच दारात एक जुनी सेदान बॉनेट उघडून उभी दिसली. बाजूला कॉलेजचा मुलगा. मी गाडी लावली, त्याला बाजूला घेतलं आणि 1 अंशाचा तो फोटो दाखवला. त्याने दोनदा मोठा करून पाहिला, “काका, हा मला पाठवाल का?” म्हणाला, आणि आत जाऊन आपली चावी परत मागितली.