कीपॅडवाला पेनड्राइव्ह: वस्तूला चार स्टार, आणायच्या भानगडीला दीड

माझं काम रिटर्न भरून द्यायचं, नागपुरात धरमपेठला एका खोलीचं ऑफिस. मागच्या जुलैच्या घाईत साधा पेनड्राइव्ह तर्री पोह्याच्या ठेल्यावर विसरलो, त्यात तीसेक लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ सगळं उघडं पडलेलं. धावत गेलो तर पोहेवाल्यानं गल्ल्यातून काढून दिला, "भाऊ हा तुमचाच नं?" म्हणे. माझाच. पण त्या वीस मिनिटांत अंगाचं पाणी झालं होतं.

मग ठरवलं की कुलूपवालाच घ्यायचा, म्हणजे पिन टाकल्याशिवाय आतला डेटा उघडतच नाही असा. बर्डीवर चार दुकानं फिरलो, सगळीकडे "सॉफ्टवेअर टाकून देतो नं भाऊ" हेच, अंगावर बटनं असलेला कोणाकडेच नाही. शेवटी बाहेरच्या साइटवरून दोन मागवले, माझ्यासाठी साधा कीपॅडवाला आन पार्टनरच्या हौसेखातर ब्लूटूथवाला, जो मोबाइलच्या ॲपनं उघडतो. दोन्ही एकाच पार्सलमधे, हीच माझी चूक, पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

मुंबईत पार्सल अडकलं ते तेवीस दिवस. कुरिअरच्या हेल्पलाइनवर दर वेळी नवा माणूस, आन प्रत्येक जण एकच ऐकवे, "सर, इसमें एन्क्रिप्शन है ना, गव्हर्मेंट अलाऊ नहीं करती." एन्क्रिप्शन म्हणजे डेटा पिनशिवाय वाचताच येऊ नये असं आतलं कुलूप. केवायसी दिलं, बिल दिलं, कशासाठी पाहिजे त्याचं पत्र दिलं, तरी ट्रॅकिंगवर तेच लाल अक्षर. मला तर वाटलं आता घरी कोणी चौकशीला येते का काय.

शेवटी ओळखीतून एक काका सापडले, सिव्हिल लाइन्सकडे बसतात, क्लिअरिंगची कामं करतात. त्यांनी चष्मा वर केला, माझ्या मोबाइलवरचा कस्टमचा मेल वाचला आन बोट ठेवून म्हणाले, "तुम्ही हे वाचलंच नाही ना? इथे ईटीए मागून राह्यले. एन्क्रिप्शनचा एक तरी शब्द दाखवा मला." खरंच नव्हता हो! ईटीए म्हणजे दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विंगची मंजुरी, ब्लूटूथ वाय-फायसारखा रेडिओ ज्यात असतो त्या मॉडेलला लागते. म्हणजे कुलपाचा काहीच गुन्हा नाही, अडकलं ते ब्लूटूथमुळे, आन हेल्पलाइनवाल्यांनी एन्क्रिप्शनचं भूत आपल्याच मनानं उभं केलेलं.

घरी येऊन मग मीबी जरा वाचलं. आपल्याकडे आयटी कायद्यात ८४ए नावाचं कलम आहे, २००८ च्या दुरुस्तीत आलं, त्यात एन्क्रिप्शन कोणत्या पद्धतीचं असावं हे केंद्र सरकार ठरवू शकते. २०१५ च्या सप्टेंबरात एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदाबी काढला होता, त्यात कुलूप न लावलेला मजकूर ९० दिवस जपून ठेवा, असली उत्पादनं विकणाऱ्या कंपन्यांनी सरकारकडे नोंदणी करा असं काय काय होतं, लोकांनी इतका गोंधळ केला की २२ सप्टेंबरला मसुदा मागे घेतला. इंटरनेट कंपन्यांच्या जुन्या लायसन्समधे ४० बिटच्या वर (बिट म्हणजे कुलपाच्या चावीची लांबी, जास्त तितकं पक्कं) परवानगी घ्या अशी अट होती, आन बँकेची साइट १२८ बिटवर चाले, म्हणजे नियम एकीकडे आन गाडी भलतीकडे. बाहेर मात्र खरोखरच कडक प्रकार आहेत. रशियात एन्क्रिप्शनवाली वस्तू आणायची तर एफएसबी या तिथल्या सुरक्षा यंत्रणेकडे नोटिफिकेशन नोंदवावं लागते, आन फ्रान्समधे १९९९ च्या आधी साध्या माणसाला १२८ बिटचं कुलूप मोकळेपणी वापरताच येत नव्हतं. चीनच्या २०२० पासूनच्या कायद्यात तर आपल्यासारख्या साध्या गिऱ्हाइकाच्या वस्तूला इम्पोर्ट लायसन्समधून सूट आहे, घ्या आता!

काकांनी ब्लूटूथवाला परत पाठवायला लावला आन माझा एकटा सोडवला. फी १५०० घेतली, ड्युटी, आयजीएसटी, कुरिअरचा हँडलिंग चार्ज, गोडाऊनभाडं हे वेगळं, सगळं मिळून वस्तूच्या किमतीच्या जवळपास गेलं. काकांना पाच स्टार. कुरिअरला अर्धा, तोबी डबा न चेपता आला म्हणून.

आता वस्तू. ॲल्युमिनियमची बॉडी, हातात वजन लागते. आधी चावीचं बटन, मग पिन, मग परत चावी, हिरवा लाइट लागला की लॅपटॉपमधे लावायचा. कुलूप आतल्या चिपवरच असल्यानं कोणतं सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही, क्लायंटच्या खटारा कॉम्प्युटरवरबी चालतो. लागोपाठ दहा पिन चुकले की आतली एन्क्रिप्शनची चावीच पुसते, डेटा गेला समजा, म्हणून टॅलीचा दुसरा बॅकअप घरी ठेवा बाप्पा. बटनं बारीक आहेत, माझ्या अंगठ्यानं पाच दाबताना आठ बी दाबला जाते. छोट्या छोट्या पीडीएफ शेकड्यानं टाकल्या की रडत चालतो, एक मोठी झिप करून टाकली तर ठीक. आत बारकी बॅटरी आहे, ती उतरली तर दहा मिनिटं यूएसबीत लावून ठेवावं लागते. मे मधे स्कूटीच्या डिक्कीत राह्यला होता, हात लावला तर चटका बसला, पण थंड झाल्यावर चालू.

घ्यायचा असेल तर ब्लूटूथ नसलेला घ्या आन पार्सलमधे दुसरं काहीच टाकू नका. कस्टमचा मेल आला तर हेल्पलाइनला फोन करायच्या आधी तो पूर्ण वाचा, मी तेवीस दिवस वाचला नाही.

पार्टनरचे पैसे कुरिअरचा खर्च कापून परत आले. आता तो माझाच ड्राइव्ह मागते, मी देतो, पण पिन मीच दाबतो, एकदा त्यानं लागोपाठ सहा वेळा चुकीचा दाबला होता.