उबंटू घालून आलेला लॅपटॉप: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

उबंटू म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, लिनक्सवर उभी असलेली फुकट प्रणाली. आधी किमतीचं बोलतो, कारण विचारणारे सगळे तेच विचारतात. पैसे वाचतील म्हणून हा लॅपटॉप घेऊ नका. विंडोजवालं तेच मॉडेल चारेक हजारांनी महाग होतं, आणि दिवाळीच्या सेलमध्ये तोही फरक जवळपास संपला. घ्यायचा असेल तर वेगळ्या कारणासाठी घ्या: झाकण मिटलं की हा झोपतो आणि उघडलं की उठतो. यात काय विशेष, असं ज्यांना वाटतं त्यांनी विंडोजच्या मशीनवर स्वतः लिनक्स चढवून पाहिलेलं नसतं. माझ्या आधीच्या लॅपटॉपवर वायफाय कार्डाचा ड्रायव्हर शोधण्यात रविवार जायचे, आणि रात्री मिटून पिशवीत टाकला की सकाळी तो तापलेला आणि बॅटरी रिकामी.

कंपनीच उबंटू घालून देते तेव्हा ध्वनी, कॅमेरा, वायफाय, बोटाचा ठसा हे सगळं त्याच मॉडेलवर कुणीतरी तपासलेलं असतं. सिस्टिमचं कर्नेलही, म्हणजे तिचा गाभा, हार्डवेअर बघून निवडलेलं येतं. बायोसचे, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मुळातल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट तर नेहमीच्या अपडेटसारखे येतात. रिचर्ड ह्यूजेस यांनी सुरू केलेल्या एलव्हीएफएस नावाच्या सोयीवर बऱ्याच कंपन्या आपलं फर्मवेअर (बायोससारखं यंत्रातच बसणारं सॉफ्टवेअर) ठेवतात, तिथून ते थेट मशीनवर उतरतं. पेनड्राइव्ह करा, डॉसमध्ये जा, ही जुनी कटकट एकदाही करावी लागली नाही.

माझं काम भाषांतराचं आणि मुद्रितशोधनाचं, म्हणजे दिवसभर देवनागरी. सेटिंग्जमध्ये मराठी कीबोर्ड जोडला आणि इन्स्क्रिप्ट या कळांच्या मांडणीवर लगेच बसलो. लिबर ऑफिसमध्ये एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. तिथे देवनागरीचा फाँट आणि आकार इंग्रजीपासून वेगळा ठरवावा लागतो. 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट'चा रकाना बघितला नाही, तर स्टाइलमध्ये आकार वाढवूनही मराठी अक्षरं हलतच नाहीत आणि आपण चिडत बसतो. एकदा बसवलं की छान चालतं. वर्डमध्ये केलेली प्रकाशकाची फाईल उघडली की पानं सरकतात, पण ते बहुतेक वेळा तोच फाँट आपल्याकडे नसल्यामुळे. फाँट मागून घ्या. श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटांत, बसवलेला मजकूर आला तर सरळ युनिकोड करून पाठवायला सांगतो. ते दुखणं विंडोजवरही तेवढंच आहे.

आता जे चाललं नाही ते. हा आला उबंटूची २२.०४ आवृत्ती घेऊन, पुढे २४.०४ चा निरोप आला आणि मी हो म्हटलं. बाकी सगळं नीट झालं, ठसा घेणारं बटण मात्र मेलं. कंपनीने त्याचा ड्रायव्हर जुन्या आवृत्तीपुरताच ठेवला होता. फोन केला तर पलीकडच्या मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, स्टार्ट मेनू उघडा." मी पासवर्ड टाकायला लागलो. एका सरकारी अर्जाची मॅक्रोवाली एक्सेल फाईलही इथे उघडली पण हलली नाही, ती भावाच्या मशीनवर भरली. हिशेबाचं टॅली वापरणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये, ते विंडोजचंच आहे.

दुकानातली गंमत सांगायला हवी. पैसे दिल्यावर काउंटरवरचा मुलगा सहज म्हणाला, "विंडोज टाकून देऊ ना? ऑफिससकट पाचशे." मी नको म्हटलं तर त्याने मालकाकडे बघितलं. उबंटू किंवा डॉसवालं (म्हणजे विंडोज नसलेलं) स्वस्त मॉडेल घ्यायचं आणि तिथेच चोरीचं विंडोज टाकून न्यायचं, अशी ही वहिवाट. परिणाम असा की यातले किती लोक खरंच लिनक्ससाठी आलेत, हे ना दुकानदाराला कळतं ना कंपनीला. उलट ज्यांना खरंच हवं असतं ते मिळेल ते विंडोजवालं मॉडेल घेऊन घरी पुसतात, आणि त्यांची नोंद विंडोजच्या खात्यात पडते.

मागणी मोजायची असेल तर ती विचारावी लागते. डेलने २००७ च्या फेब्रुवारीत ग्राहकांच्या सूचना घेण्यासाठी आयडियास्टॉर्म उघडलं, तेव्हा काही दिवसांतच सगळ्यांत वर गेली ती हीच मागणी, लिनक्स घालून द्या. मे महिन्यात उबंटू ७.०४ घातलेली तीन मॉडेलं अमेरिकेत विक्रीला आली. २०१२ मध्ये त्याच कंपनीत बार्टन जॉर्ज यांच्या पुढाकाराने प्रोजेक्ट स्पुटनिक झाला आणि प्रोग्रामरांसाठी उबंटूवाला एक्सपीएस १३ आला. त्यांनी ग्राहक कोण ते आधी ठरवलं, बहुधा म्हणूनच ती मालिका पुढे वर्षानुवर्षं टिकली. आपल्याकडे ग्राहक ठरतो तो 'स्वस्तातलं द्या' म्हणणारा. मग उबंटू येतं ते कमी रॅमच्या, मंद डिस्कच्या मॉडेलवर, आणि घेणारा म्हणतो लिनक्स हळू चालतं. माझ्यात ८ जीबी रॅम होती. ब्राउझर, पीडीएफ आणि लिबर ऑफिस एकत्र उघडल्यावर पुरत नव्हती, आणखी ८ जीबीची पट्टी घातल्यावर तक्रार उरली नाही.

परवा पुतणीसाठी हेच मॉडेल बघायला गेलो तर कंपनीच्या साइटवर फक्त विंडोजवालं शिल्लक. चौकशी केली, उत्तर आलं: मागणी नाही. तिच्यासाठी आता डॉसवालं बघतोय. त्यात वायफाय कार्ड कोणाचं आहे हे दुकानदाराला विचारलंय, आणि ते मॉडेल उबंटूच्या प्रमाणित यादीत (उबंटू नीट चालतं असं तपासलेल्या मशीनच्या यादीत) आहे का तेही बघून ठेवलंय. तो म्हणाला, बॉक्स फोडल्याशिवाय कार्डाचं सांगता येणार नाही. शनिवारी फोडून दाखवतो म्हणालाय.